पहिली पसंती: माहितीपट

लोकांना प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. मी एका सर्वेक्षण कंपनीत पर्यवेक्षक आहे. कोणता साबण वापरता, का वापरता, शेजाऱ्यांना सुचवाल का, असले प्रश्न घेऊन आमची पोरंपोरी दारोदार फिरतात, आणि त्यांना दारोदार पाठवण्याआधी मी त्यांना शिकवतो. माझा मुख्य धडा चेहऱ्याचा. समोरचा काहीही म्हणाला तरी आपला चेहरा हलता कामा नये. भुवई उचलायची नाही, हसायचं नाही, 'अरे वा' तर अजिबात नाही. हा चेहरा मी स्वतः इतका कमावला आहे की ऑफिसात मला माझ्यामागे 'भिंत' म्हणतात. मला ते कळलं तेव्हा मी दिवसभर खूश होतो.

माणसं सर्वेक्षणात बिनदिक्कत खोटं बोलतात, हेसुद्धा मीच शिकवतो. दिवसातून दोनदा दात घासता का, असं विचारलं की अख्खं शहर दोनदा घासतं. टूथपेस्टचा खप मात्र एकदा घासण्याइतकाच होतो. हा विनोद मी प्रत्येक नव्या तुकडीला ऐकवतो. ती हसते आणि मी पुन्हा भिंत होतो. एवढं ज्ञान गाठीशी बांधून फिरणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात काय दिवे लावले, ते सांगतो.

माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्या निवृत्त परिचारिका. उभी हयात ऑपरेशन थिएटरात गेली. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून त्या परगावी आपल्या घरात एकट्याच राहायच्या. माझी बायको तडक गेली आणि त्यांना घेऊन आली. तिच्या मनात होतं, आईने आता इथेच राहावं, कायमचं. सासूबाई म्हणाल्या, "प्लास्टर निघेपर्यंत राहते. मग बघू." त्यांचं 'मग बघू' म्हणजे 'नाही' असतं हे बायकोला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणजे प्लास्टर निघायच्या आत त्यांचा जीव आमच्या घरात रमायला हवा होता. नाही तर त्या पुन्हा त्याच घरात, त्याच ओल्या फरशीवर, एकट्या.

बायकोने कंबर कसली. नवी गादी आली. न्हाणीघरात धरायला दांड्या बसल्या. आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने तोंडातून चकार शब्द न काढता आपली खोली आजीला दिली, हे तर आक्रीतच. माझ्या वाट्याला एकच काम आलं.

"दुपारची ती एकटी असणार," बायको म्हणाली. "आपला टीव्ही बघवत नाही. तिला आवडेल असं काहीतरी घे. एवढं बघशील ना?"

आमचं जुनं कनेक्शन खरंच बघवत नव्हतं. निम्म्या चॅनलांवर मुंग्या आणि उरलेल्या निम्म्यांवर दागिन्यांची विक्री. पर्याय तीन होते: छतावर छत्री लावणारी कंपनी, खिडकीतून तार आणणारा केबलवाला आणि सगळं इंटरनेटवरून दाखवणारी तिसरी एक. कुठल्याही शहाण्या माणसाने सासूबाईंना विचारलं असतं, "आई, काय बघता?" आणि फोन फिरवला असता. मी शास्त्रशुद्ध सर्वेक्षण केलं.

जेवणाच्या टेबलावर, दार लावून, एकेकाला आत बोलावून. पहिला नंबर मुलीचा होता.

"बाबा, हे तू खरंच करतोयस?" तिने विचारलं.

"कृपया फक्त प्रश्नाचं उत्तर द्या," मी म्हणालो. पोटच्या पोरीला मी 'द्या' म्हणालो. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मग परदेशी सिनेमे सांगितले, खाली अक्षरं येतात तसले. बायकोने आरोग्यविषयक चर्चा आणि बातम्या सांगितल्या. सासूबाई ताठ बसल्या, प्लास्टरचा हात टेबलावर ठेवून. मी एकेक प्रकार वाचत गेलो. मालिका, सिनेमे, भक्तिसंगीत. "खेळ?" मी सपाट आवाजात विचारलं. त्या थांबल्या. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं.

"खेळ नको," त्या म्हणाल्या. "काहीतरी माहिती देणारं असलं तर बघेन. निसर्ग वगैरे."

शेवटी मी माझीही मुलाखत घेतली. दार लावलेलंच होतं, प्रश्न मोठ्याने विचारला आणि स्वतःसमोरही चेहरा हलू दिला नाही. माझी पहिली पसंती माहितीपट. दुसरी, जागतिक घडामोडींचं विश्लेषण.

खरं काय ते सांगून टाकतो. मी केक बघतो. एक स्पर्धा असते, साधी माणसं येतात, केक करतात आणि परीक्षक तो चाखून बघतात. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन ऑफिसच्या सामानाच्या खोलीत जातो आणि कागदाच्या गठ्ठ्यांमागे बसून फोनवर ती स्पर्धा बघतो. एखाद्याचा तीन मजली केक कलायला लागला की माझा घास घशाखाली उतरत नाही. मागे एका पोस्टमनचा केक टेबलापर्यंत नेता नेता कोसळला, तेव्हा तर मी चक्क डोळे पुसले. पण हे सगळं मी कधी 'टीव्ही बघण्यात' धरलंच नव्हतं. ते जेवणात धरलं होतं.

तर, उत्तरं जमली. सासूबाईंच्या मताला मी दुप्पट वजन दिलं आणि आकडेमोड केली. माहितीपट पहिले आले, आरोग्य दुसरं, खेळाला भोपळा. केबलवाल्याकडे कुस्तीपासून क्रिकेटपर्यंत सगळे खेळ होते आणि मालिकांची तर जत्राच होती, म्हणून तो बाद. इंटरनेटवाली कंपनी चित्र मध्येच गोठवते असं समजलं, तीही बाद. छत्रीवाल्या कंपनीकडे 'प्रज्ञा पॅक' होता, नुसत्या ज्ञानाच्या चॅनलांचा. मी फोन केला.

"सर, घरातले सगळे हेच बघतात?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"सगळे."

"मनोरंजन, खेळ, काहीच नको?"

"काहीच नको."

ती म्हणाली, "सर, खात्री आहे ना?" तिच्या आवाजात आश्चर्य होतं. हिला कोणी नीट शिकवलेलं दिसत नाही, असं मी मनाशी म्हणालो.

छत्री बसली आणि आमच्या ज्ञानी संध्याकाळी सुरू झाल्या. पहिल्याच आठवड्यात शेवाळावर सहा भागांचा माहितीपट लागला. शेवाळ वाढतं कसं, हे त्यात दाखवलं होतं, आणि ते फार सावकाश वाढतं. आम्ही चौघं सोफ्यावर ओळीने बसायचो. बायको अधूनमधून म्हणायची, "छान आहे ना?" सासूबाई म्हणायच्या, "फारच." मुलगी मान डोलवायची. मी तर 'बघा, इथे आता गंमत आहे' असंही एकदा म्हणालो, आणि गंमत काही आली नाही. उठायची हिंमत कोणाचीच होत नव्हती. बाकीचे तिघं रंगून गेलेत, आपणच तेवढे अरसिक, असं मला वाटायचं, आणि लाज वाटून मी आणखी डोळे ताणून बघायचो.

तिसऱ्या भागाच्या सुमारास सासूबाईंनी संध्याकाळी फिरायला जायला सुरुवात केली. नेमक्या शेवाळाच्या वेळेला. तासाभराने परत यायच्या तेव्हा चेहरा टवटवीत आणि आवाज बसलेला. बायकोने आधी घशाची धास्ती घेतली, गरम पाण्यात मीठ घालून दिलं. मग तिने वेगळीच धास्ती घेतली. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून वृद्धांसाठी एक निवास आहे, बाहेर बाकं आणि कुंड्या असलेला. आई तिथे जागा बघायला जाते, असं तिच्या डोक्यात बसलं.

मग प्लास्टर निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सासूबाई म्हणाल्या, "रविवारी निघते मी. गाडी सांगून ठेव."

बायकोने गाडी सांगितली. मग ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा असतो आणि नुसत्या वाहणाऱ्या पाण्याचा वेगळा. एवढ्या वर्षांच्या संसारात मला तेवढं कळतं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"आज तिच्या मागे जा," ती मला म्हणाली. "ती जागा बघत असेल तर बघू दे. पण आपलं काय चुकलं ते मला कळू दे."

त्या संध्याकाळी मी सासूबाईंच्या मागे गेलो. चोरून पाठलाग करणं वाटतं तितकं सोपं नाही. माणूस हळू चालत असेल तर आपल्याला सारखं थांबून बुटाची नाडी बांधावी लागते, आणि माझ्या बुटांना नाड्या नाहीत. त्या निवासाच्याच गल्लीत वळल्या. पण निवास मागे टाकून त्या पुढे गेल्या आणि कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत शिरल्या.

बाहेरून काही दिसेना. मी दार ढकलून आत गेलो आणि इस्त्री करून टांगलेल्या कोटांच्या रांगेमागे उभा राहिलो. समोर भिंतीवर टीव्ही होता. त्यात दोन धिप्पाड माणसं दोरीच्या रिंगणात एकमेकांना उचलून आपटत होती, त्यातला एक लाल मुखवटा घातलेला. लॉन्ड्रीवाला इस्त्री फिरवत होता. आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत पुढे सरकून बसलेल्या माझ्या सासूबाई, ज्यांचा आवाज मी लग्नापासून आजवर स्वयंपाकघरातून दिवाणखान्यापर्यंत पोचलेला ऐकला नव्हता, त्या ओरडत होत्या.

"मान धर त्याची, मान! बघतोस काय भाड्या, उरावर बस!"

कोटांच्या मागे माझा चेहरा हलला. काही इलाजच नव्हता.

जाहिरात लागली. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि मागे न बघता म्हणाल्या, "जावईबापू, बाहेर या. बूट दिसतायत तुमचे."

मी बाहेर आलो. लॉन्ड्रीवाल्याने मला बसायला स्टूल दिलं.

"तुम्ही 'खेळ नको' म्हणाला होतात," मी म्हणालो. एवढ्या सगळ्या प्रकारात मला तेवढंच सुचलं.

"तुमचा चेहरा बघितला होतात का तेव्हा?" त्या म्हणाल्या. "पेशंट हाताला लागला नाही की सर्जन बाहेर यायचे नातेवाइकांना सांगायला. तसा चेहरा केला होतात तुम्ही. त्या चेहऱ्याला कुस्ती आवडते म्हणून सांगायचं?"

मी म्हणालो, "मलाही ते शेवाळ आवडत नाही."

"मग बघता कशाला?"

"तुमच्यासाठी."

"कमाल आहे," त्या म्हणाल्या. "मी तुमच्यासाठी बघत होते."

मग मी त्यांना केकचं सांगितलं. पोस्टमनचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "खाता तरी का केक?" नाही, मला साखर बंद आहे, असं मी म्हटल्यावर लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि तोंड फिरवून खांदे हलवत राहिला.

"आई, कनेक्शन बदलू," मी म्हणालो. "उद्याच्या उद्या केबलवाल्याला बोलावतो."

"चॅनलचं काय हो, चॅनल मिळेल." त्या बरं झालेलं मनगट दुसऱ्या हाताने चोळत बसल्या होत्या. "आयुष्यभर हळू बोलले मी. थिएटरात ओरडायचं काम सर्जनचं, आम्ही फक्त 'हो सर'. घरी यावं तर हे आजारी, त्यांच्यापुढे हळू. ते गेले, आणि एका संध्याकाळी टीव्हीत एकाने दुसऱ्याच्या पाठीत खुर्ची घातली. माझ्या तोंडून असा शब्द गेला की मीच दचकून इकडेतिकडे बघितलं. घरात कोणी नव्हतं. तेव्हापासून रोज ओरडते. झोप छान लागते." मग त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळं चांगलं आहे. गादी चांगली, दांड्या चांगल्या, माणसं तर फारच चांगली. सगळे इतके चांगले वागता की मला दम लागतो. लेकीसमोर, नातीसमोर ओरडायचं कसं? जाऊ दे. रविवारी निघते मी."

त्यांच्या जागी मी असतो तरी निघालो असतो.

घरी येऊन मी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकली.

"म्हणजे जागा बघायला नव्हती जात?"

"शिव्या द्यायला जात होत्या."

ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. मग तिने विचारलं, आईला ते शेवाळ खरंच आवडत नव्हतं का. म्हटलं, नाही. मग तुला? म्हटलं, नाही. दारात मुलगी उभी होती, ती म्हणाली, मला वाटलं तुम्हा तिघांना आवडतंय. तिची परदेशी सिनेम्यांची आवडही बनावटच निघाली. पोरगी लहानपणची कार्टून बघत होती, पांघरुणात. बायको शेजारणीकडे जाऊन एक मालिका बघत होती, ज्यातली सून सासूला रोज एकदा तरी जिन्यावरून ढकलते. आणि मी सांगायच्या आधीच मुलगी म्हणाली, "बाबा, तुझं केकचं आम्हाला माहीत आहे. तू झोपेत 'क्रीम विरघळतंय' म्हणतोस." सर्वेक्षणाच्या धंद्यात एवढी वर्षं काढून मी स्वतःच्या घरातून चारपैकी चार खोटी उत्तरं गोळा केली होती, आणि त्यातलं एक माझं होतं.

शनिवारी केबलवाला आला, खिडकीतून तार ओढून बसवून गेला. संध्याकाळी मोठी लढत होती. आम्ही सासूबाईंना सोफ्यावर मधोमध बसवलं. त्यांचा लाडका लाल मुखवटा रिंगणात आला. आम्ही तिघं आजूबाजूला बसलो, आणि घात असा झाला की आम्ही तिघंही टीव्हीकडे न बघता त्यांच्याकडे बघत होतो. त्या मांडीवर हात जुळवून, ओठ मिटून बसल्या होत्या. मुखवटेवाल्याला दोनदा आपटलं तरी हूं की चूं नाही. बायकोने हळूच म्हटलं, "आई, तुला काही म्हणायचं असेल तर म्हण." सासूबाई म्हणाल्या, "नाही गं, छान आहे." शेवाळालाही त्या असंच म्हणायच्या.

आत त्यांची बॅग भरून ठेवलेली होती. बायकोचा चेहरा पडला. मला राहवेना. मी उठलो, टीव्हीजवळ गेलो आणि स्वतःच ओरडायला सुरुवात केली. मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, आणि भिंतीचा घसा ओरडायला बनलेलाच नसतो. "शाब्बास, शाब्बास, मार," असं काहीतरी मी चिरक्या आवाजात म्हणत हात हलवत होतो. मुलीने डोळे झाकून घेतले. बायको म्हणाली, "अरे, हे काय करतोयस?" मलाही माहीत नव्हतं. पण आता थांबलो तर आणखी लाज, म्हणून मी आणखी जोराने टाळ्या वाजवल्या.

"अहो, तो लबाड आहे," मागून सासूबाईंचा दबका आवाज आला. "त्याला शाब्बास म्हणू नका."

मी म्हणालो, "शाब्बास."

"अहो, त्याने खुर्ची लपवलीये मागे. रेफरीला दिसत नाहीये. अहो, जावईबापू, बाजूला..." आणि मग सोफा करकरला. "सरक मेल्या समोरून! आंधळा आहेस का? फोडलं, त्याचं डोकं फोडलं त्या हरामखोराने, आणि तू टाळ्या काय पिटतोस गाढवा!"

खोलीत सगळं थांबलं. टीव्हीतली गर्दी तेवढी ओरडत होती. सासूबाई उभ्या होत्या, बोट माझ्यावर रोखलेलं, चेहरा लालबुंद. बायकोने तोंडावर हात नेला. मुलगी आजीकडे अशी बघत होती, जणू तिला आजच पहिल्यांदा बघतेय. मी कधी नव्हे तो चेहरा आवरायचा विसरलो, आणि त्यावर जे काही उमटलं असेल ते त्यांनी बघितलं. माझी त्यांनी माफी मागितली नाही.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "आणि तोंड मिट, तुला काही कळत नाही."

मी सरकलो आणि त्यांच्या शेजारी बसलो. मला फार बरं वाटलं. मुलगीही येऊन आजीच्या पायाशी बसली आणि नक्की कोणाला शिव्या द्यायच्या ते विचारून घेऊ लागली. मुखवटेवाला हरला. सासूबाईंनी रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा पोरीने एक-दोन शब्द पुन्हा म्हणून पाहिले.

"पुढच्या शनिवारी याचा बदला घेणार आहे तो," सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता बायकोला म्हणाल्या. "ती उद्याची गाडी नको म्हणून सांग."

बायको फोन करायला आत गेली. फोन दोन मिनिटांत झाला, पण ती लवकर बाहेर आली नाही. नळाचा आवाजही आला नाही. ती नुसतीच रडत होती, आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल अशी.